विज्ञानकथेतील स्त्री : द्वेष आणि विस्मरण



ज्या शिक्षिकेच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आपण चालवीत आहात, त्यांनी या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकविले. मी मराठीची प्राध्यापिका. प्रयोगशाळेशी माझा संबंध फारसा आला नाही. तेव्हा बाईंच्या स्मृतीला शोभेल आणि माझ्याही आवाक्यात राहील असा विषय कोणता, याचा विचार करताना विज्ञानकथा आणि विज्ञानकादंबरी यांच्याकडे वळणे मला स्वाभाविक वाटले. साहित्य आणि विज्ञान यांची भेट जेथे होते, अशी ती जागा आहे. त्या जागेत स्त्रीला कसे वागविले गेले, हे आज मी आपल्यापुढे मांडणार आहे.

विषय थोडा अप्रिय आहे, याची मला जाणीव आहे. विज्ञानकथा ही मुलांच्या हाती आनंदाने द्यावी अशी गोष्ट. तिच्यात कसला आला आहे स्त्रीद्वेष, असे कोणी विचारील. खानदेशातील एका महाविद्यालयात मी एम.ए.च्या वर्गासाठी विज्ञानसाहित्याचा अभ्यासक्रम सुचविला, तेव्हा एका सहकाऱ्यांनी हसत हसत विचारले होते, ‘‘बाई, वर्गात निम्म्याहून अधिक मुली आहेत. त्यांना यात काय रस असणार?’’ प्रश्न सद्‌भावनेने विचारलेला होता. म्हणूनच तो मला अधिक विचार करण्याजोगा वाटला. मुलींना यात रस नसणार, हे कोणी ठरविले? आणि ते ठरविण्यात त्या कथांचाच काही वाटा नाही ना?

प्रारंभ सुरतेपासूनच केला पाहिजे. १८८१ साली येथील न्यायालयात विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात अर्भकाच्या हत्येचा खटला चालला. तिला फाशीची शिक्षा झाली. पुढे मुंबईच्या उच्च न्यायालयाने ती सौम्य करून काळ्या पाण्याची केली. या खटल्यावरून वृत्तपत्रांनी स्त्रीजातीच्या नीतिभ्रष्टतेवर पुष्कळ शाई खर्च केली. त्या शाईला उत्तर देण्यासाठी वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी लेखणी उचलली, आणि १८८२ साली पुण्यात ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध छापला गेला. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली; बाकीच्यांनी पुस्तक विसरून टाकले. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले, तोवर १९७५ साल उजाडले होते. स्त्रीच्या बाजूने मराठीत लिहिल्या गेलेल्या इतक्या धारदार पुस्तकाचे निमित्त या सुरत शहरात घडले, ही गोष्ट येथील मराठी मुलींना कोणी सांगितली आहे की नाही, मला ठाऊक नाही. सांगायला हवी.

त्याच १८८२ साली लंडनमध्ये वॉल्टर बेझंट यांची ‘द रिव्होल्ट ऑफ मॅन’ ही कादंबरी आली. हे बेझंट म्हणजे आपल्या ॲनी बेझंट यांचे थोरले दीर. भावजय नवऱ्याचे घर सोडून स्वतंत्र राहू लागली होती, सभांतून व्याख्याने देत होती, आणि धर्मविरोधी मतांच्या पायी न्यायालयाने तिच्याकडून तिची मुलगी काढून घेतली होती. दीर कादंबरी लिहीत होते. तिच्यात भविष्यातील इंग्लंड आहे. तेथे राज्य स्त्रियांचे आहे, संसद त्यांची, न्यायासनही त्यांचेच. तरुण पुरुषांची लग्ने वयस्क, सत्ताधारी स्त्रियांशी लावली जातात. आणि या स्त्रीराज्यात कला थिजल्या आहेत, ज्ञान खुंटले आहे, उद्योग बसले आहेत. शेवटी पुरुष बंड करतात, आणि स्त्रिया आनंदाने आपल्या जागी परत जातात. वाचकाने सुटकेचा निःश्वास सोडावा, अशी सारी रचना आहे.

मला या दोन पुस्तकांचे एकाच वर्षी येणे फार बोलके वाटते. ताराबाई चालू काळाबद्दल विचारीत होत्या की पुरुषांनी स्त्रीवर लादलेले दोष पुरुषात नाहीत काय. बेझंट त्या प्रश्नाचे उत्तर चालू काळात देत नाहीत. ते भविष्यात जातात आणि तेथून भीती घेऊन येतात. पुढे अनेकांनी वापरलेली युक्ती हीच आहे. स्त्रीला अधिकार द्यावा की नाही यावर सरळ वाद न घालता, दिला तर काय अनर्थ होईल याचे चित्र रंगवायचे, आणि त्या चित्राला कादंबरी म्हणायचे. स्त्रीद्वेष म्हणजे स्त्रीला हीन लेखणे. स्त्रीमुक्तीचा विरोध म्हणजे तिच्या हक्काच्या मागणीला धोका मानणे. बेझंट यांच्या पुस्तकात दोन्ही एकमेकांच्या आधाराने उभे आहेत.

या युक्तीला आपल्याच देशातून उत्तर मिळाले. १९०५ साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये बंगालच्या रोकेया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज् ड्रीम’ ही कथा प्रसिद्ध झाली. तिच्यातही स्त्रियांचे राज्य आहे आणि पुरुष मर्दान्यात, पडद्याआड आहेत. परंतु तेथे ज्ञान थिजलेले नाही. स्त्रियांच्या एका विद्यापीठाने ढगांतून पाणी खेचून घेणारा फुगा बनविला आहे, दुसऱ्याने सूर्याची उष्णता साठविण्याची विद्या साधली आहे. स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर होतो. शत्रूचे सैन्यही त्याच उष्णतेने परत फिरविले जाते. ज्या काळात बहुसंख्य मुलींना अक्षरओळखही मिळत नव्हती, त्या काळात एका स्त्रीने विज्ञानाची सूत्रे स्त्रीच्या हाती कल्पिली. या कथेत विनोद आहे, खट्याळपणा आहे. चूल पेटविण्याच्या त्रासातून विज्ञानाचा विचार सुचणे, हे पुरुष लेखकाला साधले नसते असे मला वाटते.

आता मराठीकडे येऊ. मराठीत विज्ञानकथेचा प्रवेश भाषांतराच्या दाराने झाला. १९०० साली ‘केरळ कोकिळ’मध्ये ज्यूल व्हर्न यांच्या चंद्रप्रवासाचे रूपांतर येऊ लागले. पुढे माझ्या पिढीला व्हर्न भेटले ते भा. रा. भागवत यांच्या लेखणीतून, आणि त्याबद्दल आम्ही भागवतांचे कायमचे ऋणी आहोत. पण व्हर्न यांच्या जगाचा नकाशा पाहा. चंद्राकडे निघालेल्या यानात स्त्री नाही. पृथ्वीच्या पोटात उतरणाऱ्या तुकडीत स्त्री नाही; तरुण नायकाची वाग्दत्त वधू त्याला धीर देऊन निरोप देते आणि हॅम्बुर्गला वाट पाहत राहते. एच. जी. वेल्स यांच्या ‘द टाइम मशीन’ (१८९५) या कादंबरीत काळाच्या प्रवाशाला लाखो वर्षांनंतरच्या जगात वीना नावाची एक स्त्री भेटते. ती लहान मुलासारखी आहे, त्याच्या खिशात फुले खोचते आणि शेवटी वणव्यात हरवते. मानवजात इतकी बदलली, पण स्त्री मात्र फुले देण्यापुरतीच उरली!

अमेरिकेत तर हा वाद उघडपणे झाला. आयझॅक ॲसिमॉव्ह अगदी कोवळ्या वयात, १९३८-३९ च्या सुमारास, विज्ञानकथांच्या मासिकाला पत्रे लिहीत, आणि कथांत स्त्रीपात्रे व प्रेमप्रकरणे घुसडू नयेत, असा त्यांचा आग्रह असे. पुढे त्यांनीच सुसान कॅल्विन ही यंत्रमानवांच्या मनाचा अभ्यास करणारी शास्त्रज्ञ स्त्री निर्माण केली, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. परंतु १९४१ च्या ‘लायर!’ या कथेत काय होते? यंत्रमानव तिला खोटेच सांगतो की एका सहकाऱ्याचे तिच्यावर प्रेम आहे, आणि ही बुद्धिमती लगेच चेहऱ्याला रंग लावू लागते. सत्य कळल्यावर ती सूडाने पेटते. पुरुष शास्त्रज्ञाला लेखक अशा परीक्षेला सहसा बसवीत नाही. त्याच्या बुद्धीची शहानिशा त्याच्या आरशावरून होत नाही.

मराठी विज्ञानकथेत असा उघड उपहास मला फारसा आढळला नाही. आपल्या लेखकांचा पिंड सभ्य, मध्यमवर्गीय, प्रबोधनवादी. त्यांनी स्त्रीला हिणविले नाही. त्यांनी तिला घरात ठेवले. दिवाळी अंकांतून वर्षानुवर्षे वाचलेल्या कथा डोळ्यांपुढे आणल्या, तर एक दृश्य पुनःपुन्हा येते. नायक प्रयोगशाळेतून परततो, पत्नी चहा ठेवते, ‘म्हणजे नक्की काय हो?’ असे विचारते, आणि मग दीड पान वैज्ञानिक सिद्धान्ताचे स्पष्टीकरण होते. वाचकाला समजावून सांगण्यासाठी लेखकाला एक अजाण श्रोता हवा असतो, आणि त्या कामी पत्नी सर्वांत स्वस्त पडते.

याचा सर्वांत ठळक नमुना मला आपल्या सर्वश्रेष्ठ विज्ञानकथाकाराच्या एका उत्तम कथेत दिसतो. डॉ. जयंत नारळीकर यांच्याविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. २० मे २०२५ रोजी ते गेले, तेव्हा मराठी वाचकाच्या घरातलेच माणूस गेल्यासारखे झाले. त्यांची ‘धूमकेतू’ ही कथा पुष्कळांच्या वाचनात असेल. दत्तदा हे हौशी खगोलनिरीक्षक, रात्ररात्र दुर्बिणीला डोळा लावून बसणारे. पत्नीला ती दुर्बीण सवतीसारखी वाटते. दत्तदांना नवा धूमकेतू सापडतो, तो पृथ्वीवर आदळणार असे गणित निघते, जगभरचे शास्त्रज्ञ गुप्तपणे एकत्र येतात आणि अण्वस्त्राने त्याचा मार्ग बदलण्याची योजना आखतात. इकडे घरी पत्नी धूमकेतूच्या शांतीसाठी यज्ञ मांडते. दत्तदा संतापतात. संकट टळते, ते कशामुळे टळले, याबद्दल घरातील दोघांची समजूत निरनिराळी राहते.

कथा अंधश्रद्धेवर आहे, स्त्रीवर नाही, हे मला मान्य आहे. लेखकाचा हेतू निर्मळ आहे आणि कथा वाचनीय आहे. परंतु विज्ञान आणि अंधश्रद्धा यांचा झगडा दाखविताना त्या दोहोंची घरे कशी वाटली गेली, ते पाहा. परिषदेत विज्ञान, पुरुषांकडे. घरातल्या होमकुंडाशी अंधश्रद्धा, पत्नीकडे. ही वाटणी इतकी सहज झाली आहे की ती कोणाच्या लक्षातही येत नाही. वर्गात ही कथा वाचणाऱ्या मुलीने कोणत्या पात्राशी स्वतःला जोडून घ्यावे? दत्तदांशी जोडून घेतले, तर उत्तमच. मुली तसे करतातही, कारण वाचकाचे मन लेखकाच्या वाटणीला बांधलेले नसते. पण तिच्या शेजारी बसलेला मुलगा काय शिकतो, हाही प्रश्न आहे.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. त्या काळी घराघरांत असेच होते. लेखकाने वास्तव दाखविले. मला हे उत्तर पुरत नाही. विज्ञानकथा ही काही ग्रामीण कथा नव्हे, की जे आहे तेच तिने दाखवावे. प्रकाशाच्या वेगाचे, काळाच्या दिशेचे, गुरुत्वाकर्षणाचे बंधन जो लेखक लीलया ओलांडतो, त्याला चहा कोण करणार याचे बंधन ओलांडता येऊ नये, याला वास्तववाद म्हणणे कठीण आहे. शिवाय ते वास्तव तरी पुरते खरे होते काय? आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेतून वैद्यकाची पदवी घेतात. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेच्या दाराशी उभ्या राहतात. सर चंद्रशेखर व्यंकट रामन त्यांना स्त्री म्हणून प्रवेश नाकारतात. त्या हटत नाहीत, आणि अखेर वर्षभराच्या परीक्षणाच्या अटीवर त्यांना घेतले जाते. १९३९ साली त्या केंब्रिजची पीएच.डी. मिळवितात. नोबेल पारितोषिक मिळविलेला शास्त्रज्ञ एका मराठी मुलीला दार बंद करतो आणि ती ते उघडायला लावते, यापेक्षा नाट्यमय विज्ञानकथा आणखी कोणती हवी होती? ती आपल्या विज्ञानकथाकारांना सुचली नाही. वास्तव कथेच्या पुढे गेले होते. कथाच मागे राहिली.

या कमलाबाई दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाईंनी नारळीकरांच्या विज्ञानकथांची आवर्जून दखल घेतली होती. मराठी विज्ञानकथेला साहित्याच्या पंगतीत बसविण्यात असा एका स्त्रीचा वाटा आहे. आणखी एका स्त्रीचाही आहे, आणि तो शब्दशः हाताचा आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ पाठविली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. स्वतःची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथा उतरवून काढली, ती त्यांच्या पत्नी मंगलाबाईंनी. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. मंगला नारळीकर स्वतः गणिती होत्या. मुंबई विद्यापीठाच्या सुवर्णपदकाच्या मानकरी. लग्न, केंब्रिजचा संसार, मुली आणि वडीलधारी माणसे सांभाळून त्यांनी पुष्कळ वर्षांनी पीएच.डी. केली. आपल्या पिढीतील स्त्रियांप्रमाणे आपल्याही आयुष्यात घर पहिले आणि गणित दुसरे आले, अशा आशयाचे त्यांनी लिहून ठेवले आहे. २०२३ साली त्या गेल्या. ती कथा उतरवीत असताना, गणिती स्त्री नायिका असलेली एखादी कथा त्यांच्या मनात आली असेल काय, हा प्रश्न मला अनेकदा पडला आहे.

त्याच सुमारास अमेरिकेत नेमके उलटे चालले होते. जेम्स टिपट्री ज्युनिअर या नावाने कथा लिहिणाऱ्या लेखकाचे मोठे नाव झाले होते. ही शैली पुरुषाचीच असू शकते, असे रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांच्यासारख्या जाणत्या लेखकाने १९७५ साली ठासून लिहिले. १९७७ साली उघड झाले की टिपट्री म्हणजे ॲलिस शेल्डन नावाच्या बाई. लेखणीवरून लिंग ओळखता येते, हा समज त्या दिवशी पुरता उघडा पडला. सिल्व्हरबर्ग यांनी पुढे तो दिलदारपणे मान्य केला, हेही सांगितले पाहिजे.

आता नारळीकरांच्याच दुसऱ्या एका कथेकडे जाऊ, म्हणजे माझे म्हणणे एकांगी होणार नाही. ‘पुत्रवती भव’ या कथेत त्यांनी विचारले की अपत्य मुलगा व्हावा की मुलगी हे माणसाच्या हाती आले, तर समाजाचे काय होईल? विज्ञानकथेने विचारावा असाच हा प्रश्न आहे. तो कल्पनेत फार काळ राहिला नाही. गर्भजल परीक्षेचा गैरवापर इतका वाढला की महाराष्ट्राला १९८८ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला आणि देशाला १९९४ साली. तरीही २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात हजार मुलांमागे महाराष्ट्रात ८९४ मुली होत्या, गुजरातेत ८९०. सुरत जिल्ह्यात एकूण लोकसंख्येतील स्त्रियांचे प्रमाण तर हजारामागे आठशेच्याही खाली होते. त्याचे मोठे कारण म्हणजे कामासाठी एकटे आलेले पुरुष. यंत्रमागावर, हिऱ्यावर, हजिऱ्याच्या कारखान्यांत राबणारे. आपल्यापैकी अनेकांची घरे अशाच एका पुरुषाच्या येण्याने येथे उभी राहिली. तरी सारे कारण तेवढेच नाही. (आपल्या गावाचे नाव मराठी कानाला इच्छेचे पोर असे ऐकू येते. येथील ‘पोर’चा अर्थ वेगळा आहे, हे मला ठाऊक आहे, पण ‘ती पोर’ कोणाला हवी असते, हा विचार मनात येऊन जातोच.)

परंतु या विषयावरील कथा, चित्रपट आणि भाषणे ऐकताना मला एक गोष्ट खटकत आली आहे. मुली कमी झाल्या तर काय होईल? उत्तर येते: मुलांना बायका मिळणार नाहीत. म्हणजे स्त्री नसण्याचे दुःख कोणाचे? पुरुषाचे. धान्याचा तुटवडा, पाण्याचा तुटवडा, तसा वधूंचा तुटवडा. हेतू मुलीला वाचविण्याचा, आणि तर्क मात्र तिला वस्तू मानणारा. जी मुलगी जन्मली नाही, ती कदाचित लग्नच करणार नव्हती, ती कमला सोहोनी होणार होती, हे दुःख कोणत्या कथेने मांडले? स्त्रीच्या बाजूने उभ्या राहिलेल्या कथेतही स्त्रीद्वेषाचा अंश कसा शिल्लक राहतो, याचे हे उदाहरण म्हणून मी आपल्यापुढे ठेवते.

स्त्रियांनी स्वतः काय लिहिले, याबद्दल वेळेअभावी थोडेच बोलते. काशीबाई कानिटकरांची ‘पालखीचा गोंडा’ ही कादंबरी १९२८ ची. तिला काटेकोर अर्थाने विज्ञानकादंबरी म्हणता येणार नाही, कारण तिच्यात यंत्र नाही. पण एका संस्थानाची सत्ता स्त्रीच्या हाती आली तर ती स्त्रियांसाठी काय काय करील, याचे कल्पनाचित्र तिच्यात आहे, आणि बेझंट यांच्या भीतीला ते मराठीतले उत्तर ठरते. मला त्यातील उपदेशाचा भाग लांबलेला वाटतो. तरी एका मराठी स्त्रीने उद्याचे राज्य कल्पिले, हे मोल कमी होत नाही. आमच्या वाङ्मयेतिहासांनी तिला कौटुंबिक कादंबऱ्यांच्या रांगेत कोपऱ्यात बसविले. पुढे शुभदा गोगटे यांनी ‘यंत्रायणी’ ही कादंबरी आणि ‘वसुदेवे नेला कृष्ण’ हा कथासंग्रह दिला. अलीकडे मेघश्री दळवी सातत्याने विज्ञानकथा लिहीत आहेत. इंग्रजीत अर्सुला ली गुईन यांनी १९६९ साली ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’मध्ये असे लोक कल्पिले, की ज्यांना कायमचे स्त्रीत्व वा पुरुषत्वच नाही. एवढे एक बंधन काढून टाकल्यावर राज्य, मैत्री, संशय, प्रवास या साऱ्यांकडे नव्याने पाहावे लागते. मला वाटते, विज्ञानकथेची खरी ताकद तेथे दिसते.

शिक्षकांना एक विनंती आहे. जुन्या कथा काढून टाकू नका. ‘धूमकेतू’ शिकवा, व्हर्न वाचून दाखवा, वेल्सही वाचू द्या. ज्या पुस्तकांनी आम्हाला आकाशाकडे पाहायला लावले, ती मुलांपासून दूर ठेवणे हा कृतघ्नपणा होईल. मात्र कथा संपल्यावर मुलामुलींना एक लेखनकार्य द्या: ही कथा पत्नीच्या बाजूने लिहा. दुर्बीण तिच्या हाती द्या आणि शांतीचा होम दत्तदांना मांडू द्या. मी हा प्रयोग माझ्या वर्गात केला होता. एका विद्यार्थिनीच्या कथेत दत्तदांच्या पत्नीला धूमकेतू आधीच दिसलेला असतो. तिने कोणाला सांगितलेले नसते, कारण तिला कोणी विचारलेले नसते. त्या वहीवर मी गुण लिहिले नाहीत. ती साऱ्या वर्गाला वाचून दाखविली.

या व्याख्यानाचे मानधन संस्थेने मला देऊ केले आहे. त्यातून ‘स्त्रीपुरुष तुलना’, काशीबाईंची कादंबरी, शुभदाताई आणि मेघश्रीताई यांची मिळतील ती पुस्तके, आणि नारळीकरांचे ‘यक्षांची देणगी’ शाळेच्या ग्रंथालयात यावे, अशी माझी इच्छा मुख्याध्यापकांना कळविली आहे. पुस्तके कपाटात कुलूपबंद राहू नयेत, विज्ञानाच्या प्रयोगशाळेत उघड्या फळीवर असावीत, एवढीच अट मी घातली आणि त्यांनी ती मान्य केली.